पाठीवरची चरबी

नोव्हेंबरात नर कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या हरणाच्या, पाठीवर चरबी नसते. ऑक्टोबरभर तो माजावर असतो. माद्यांमागे धावायचं, दुसऱ्या नरांशी शिंगं अडकवायची, यात त्याला चरायची शुद्ध राहत नाही. महिना सरतो तेव्हा त्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. चरबी असते ती मादीच्या पाठीवर, कारण पोटातल्या जिवासकट तिला हिवाळा काढायचा असतो. बर्फातल्या टासियालुक गावात हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्यानं लहानपणापासून घरातल्या पुठ्ठ्यावर मांस कापताना पाहिलंय, त्याला ते आपोआप ठाऊक असतं.

म्हणून त्या दुपारी पानिक्पाकने स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरला, त्यावर अर्धवट गोठलेली पाठ ठेवली, आपली अर्धचंद्री सुरी एकदाच फिरवली आणि तिला सगळं कळून चुकलं. सुरीखाली दोन बोटं जाड, पांढरीशुभ्र चरबी उघडी पडली होती.

तिने हात थांबवला नाही. समोर उयाराक उकिडवा बसला होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण चेहऱ्यावरचं हसू सहा वर्षांच्या पोराचं. थंडीने गालावर दोन पांढरे चट्टे उठले होते, त्याचंही त्याला भान नव्हतं.

"बघ, सानाजी!" तो म्हणाला. "केवढी चरबी! मी लठ्ठ नर मारला. हो ना?"

पानिक्पाकने मान वर करून दाराकडे पाहिलं. दारात तिचा मुलगा कुब्लू उभा होता. बुटांवरचा बर्फ तो झटकत होता, आणि बुटांवर बर्फ तर कधीचा उरलेला नव्हता.

"हो," पानिक्पाक म्हणाली. "लठ्ठ आहे."

उयाराक तिला सानाजी म्हणायचा, कारण त्याची नाळ तिने कापली होती. सानाजी म्हणजे घडवणारी. छत्तीस वर्षांपूर्वी वसंतातल्या एका तळावर तो दोन महिने आधीच जन्माला आला, निळा आणि मुका. पानिक्पाकने त्याच्या नाकातोंडातला बुळबुळीतपणा स्वतःच्या तोंडाने ओढून काढला, त्याचे पाय चोळले आणि रीतीप्रमाणे त्याच्या कानात सांगितलं, तू दणकट होशील, तुझा नेम चुकणार नाही, जनावरं तुझ्याकडे चालत येतील. सानाजी जे बोलते ते पोर होतं, असं म्हणतात. पण दोन वर्षांचा असताना त्याची आई छातीच्या दुखण्याने दक्षिणेच्या इस्पितळात गेली, त्याला बरोबर घेऊन गेली, आणि परत आलीच नाही. पोराला तिथल्याच एका घराने वाढवलं. टासियालुकमध्ये त्याचं नुसतं नाव उरलं.

दोन वर्षांपूर्वी तो गुरुवारच्या विमानातून उतरला. पातळ जॅकेट, पाठीवर एक पिशवी आणि तोंडात चाळीसेक शब्द. बायका विमानतळावरच हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. याची जीभ अजून दुधाच्या दातांची आहे, म्हणाल्या. पुरुषांनी आपापल्या परीने त्याला सोलून काढलं. "काय रे शहरातल्या, सील दिसला की आधी बटण दाबतोस की गोळी?" तो स्वतःही हसायचा, तेच त्याच्या कामी आलं. पानिक्पाकने त्याला आपल्या घरामागची खोली दिली. कुब्लूने त्याला सील श्वास घ्यायला येतो ते बर्फातलं भोक शोधायला शिकवलं, जाळं लावायला शिकवलं, स्नोमोबाइलचा पट्टा बदलायला शिकवलं. मासे त्याने धरले, पांढरे पक्षी मारले. पण माणूस शिकारी होतो तो पहिल्या मोठ्या जनावराने. आणि पुरुषाचं पहिलं जनावर सगळंच्या सगळं त्याच्या सानाजीकडे येतं. मारणाऱ्याने त्यातला एक घासही ठेवायचा नाही. ती आनंदाने ओरडते, त्याची थट्टा करते, आणि मग ते मांस आपल्या हाताने गावाला वाटते. तिने तोंड वाकडं केलं, मांस नाकारलं, तर त्या माणसाच्या वाटेला जनावरं पुन्हा येत नाहीत.

एवढी एकच गोष्ट असती तर पानिक्पाकला विचार करावा लागला नसता. पण ती गावच्या शिकारमंडळाची प्रमुख होती, आणि मादी मारायची नाही हा नियम तिनेच घातला होता.

टासियालुकच्या बेटावरची कॅरिबू झपाट्याने आटली होती. जनावरं मोजणारं विमान तीन वसंत आलं आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान आकडा सांगून गेलं. सरकारबरोबरच्या करारात जे ठरलंय त्याप्रमाणे सगळ्या गावांवरच्या मोठ्या मंडळाने बेटाला मर्यादा घातली, वर्षाला छत्तीस जनावरं. ती कुणी मारायची, कशी, कुठे, हे ठरवणं गावाच्या हातात. एका जनावरामागे एक, असे छत्तीस बिल्ले एका डब्यात आले. साठ घरं आणि छत्तीस बिल्ले! हॉलमध्ये त्या दिवशी खुर्च्या आपटल्या गेल्या. विमानवाल्यांना वरून काय दिसतं, कॅरिबू दुसऱ्या बेटावर गेली असतील, येतील परत, असं लोक बोलत होते. तेव्हा पानिक्पाक उठली होती.

"सरकारचा माणूस येऊन आमच्या बापाची बंदूक भिंतीवरून काढून न्यायचा, ते दिवस मी पाहिलेत," ती म्हणाली होती. "करारावर सह्या झाल्या तेव्हा आपण सगळे काय म्हणालो? जनावरं आम्ही सांभाळू, आम्हाला कळतं. आता कळत असेल तर सांभाळा. छत्तीस, आणि छत्तीसच्या छत्तीस नर. मादी नाही."

"आणि चुकून पडली तर, आजी?" मागून लेव्हीने विचारलं होतं. तरुण पोरगा, तीन लेकरांचा बाप, तोंडाचा फटकळ.

"चुकून पडली तर येऊन सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. पण लावलेल्या बिल्ल्याखेरीज आणखी तीन डब्यातून कमी होतील. एक तिचा, एक पोटातल्याचा, एक पुढच्या वर्षी झाला असता त्याचा. आणि मारणारा तीन हिवाळे कॅरिबूवर बंदूक धरणार नाही."

कुरकुर झाली, पण हात वर झाले. मोठ्या मंडळाने मागितलं होतं त्याहून हा नियम कडक होता. तो गावाने स्वतःच्या तोंडाने घातला, म्हणून गावाला त्याची मिजासही होती.

आता त्या नियमाची पहिली मादी तिच्या पुठ्ठ्यावर पडली होती.

सांगायचं म्हटलं तर उयाराकची बंदूक तीन हिवाळे भिंतीला. म्हणजे एकोणचाळिशीपर्यंत. आणि त्याचं पहिलं जनावर म्हणजे गावाच्या तोंडी कायमची चुकीची गोष्ट. समोर बसलेला तो हात चोळत होता, तिच्या तोंडाकडे बघत होता. ती ओरडायची होती अजून. रीत राहिली होती.

पानिक्पाकने सुरी खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि ओरडली. घर दणाणलं. मग तिने उयाराकचे गाल धरून हलवले. "माझ्या हातच्या! अरे आळशा! एवढी वर्षं कुठे झोपला होतास? माझे दात पडायची वाट बघितलीस होय रे? आता चावून कोण देणार मला?"

उयाराक हसता हसता रडायला लागला. कुब्लू बाहेर गेला.

*

गावच्या रेडिओवर पानिक्पाकने स्वतः सांगितलं. उयाराकने पहिलं जनावर मारलंय, या, घ्या. अर्ध्या तासात घर भरलं. दारात बुटांचा ढीग लागला. बायका पिशव्या, पातेली घेऊन आल्या, म्हातारे सुऱ्या घेऊन आले आणि तिथेच पुठ्ठ्याभोवती बसून कच्चं गोठलेलं मांस कापून खायला लागले. उयाराकला सगळ्यांनी थोबाडीत मारल्यासारखं केलं, त्याची टोपी ओढली. "शहरातल्या, बसच्या खिडकीतून मारलंस का?" तो प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होता. वारा होता, बर्फ उडत होता, आठ जनावरं होती, मी सगळ्यात चांगली शिंगं शोधली.

"सगळ्यात चांगली शिंगं," जेपूटी म्हाताऱ्याने पुन्हा म्हटलं. नोव्हेंबर संपत आला होता. मोठ्या नरांची शिंगं गळू लागली होती, माद्यांची मात्र वसंतापर्यंत टिकतात. एवढ्यात डोक्यावर बरी शिंगं कोण मिरवतं हे जेपूटीला पानिक्पाकइतकंच ठाऊक होतं. त्याने पुठ्ठ्यावरची चरबीची एक पट्टी उचलली, बोटांत दाबली, पानिक्पाककडे पाहिलं. मग तोंडात टाकली.

"गोड आहे," तो म्हणाला.

"घे अजून," पानिक्पाक म्हणाली.

बस्स. एवढंच बोलणं झालं. टासियालुकमध्ये माणसाला त्याची चूक तोंडावर दाखवायची पद्धत नाही. त्याला ती आपणहून कळू द्यायची. आणि ज्याला आधीच कळलेली असते, त्याला तर मुळीच काही म्हणायचं नाही. पानिक्पाकने प्रत्येक पिशवीत मांसाचा तुकडा टाकला आणि वर चरबीची एक पट्टी. कुणाला कमी, कुणाला जास्त असं होऊ दिलं नाही. चरबी फेकून देता येत नव्हती आणि लपवणं तर त्याहून वाईट होतं. साठ घरांत साठ पट्ट्या गेल्या.

घर रिकामं झाल्यावर ती कुब्लूकडे गेली. तो अंगणात स्नोमोबाइल उघडून बसला होता. काही बिघडलं नव्हतं, नुसता उघडून बसला होता.

"किती लांबून?" तिने विचारलं.

"आई..."

"किती लांबून, विचारतेय मी."

"दीडशे पावलं. मी गाडी बंद करत होतो. म्हटलं होतं त्याला, थांब, मी दाखवतो तो मार. मागे वळून बघतो तर बार झालेला."

"डोकं कुठंय?"

"बर्फात पुरलं."

"आणि आचळं?"

कुब्लूने पान्हा खाली ठेवला. "मीच सोललं. त्याला म्हटलं, तू गाड्यांकडे बघ. तो कुठला बघतोय? गुडघ्यावर बसून रडत होता. मला म्हणाला, आता मी इथलाच ना रे? मग काय सांगू मी त्याला? तू सांगितलं असतंस?"

पानिक्पाकने दुसरंच विचारलं.

"मंडळाच्या कागदावर काय लिहिलंस?"

"नर."

"कचेरीतल्या झिपोराने काही विचारलं?"

"झिपोरा कागद घेते, आई, कॅरिबू घेत नाही. तिचं काय जातंय?" मग हळूच म्हणाला, "एकच आहे. एका मादीने काय होणार?"

पानिक्पाकला तेव्हा म्हणायचं होतं की एका मादीने काय होतं ते मला विचार. तिच्या लहानपणी एक हिवाळा असा गेला होता की बापाने कुत्र्यांचे पट्टे उकळले होते. पण ती म्हणाली नाही. कारण तिने स्वतःच त्या एका मादीवर आनंदाने ओरडून शिक्कामोर्तब केलं होतं. ती आत गेली आणि रक्ताळलेला पुठ्ठा गुंडाळून ठेवला.

*

चार दिवसांनी लेव्ही आला. बूट न काढता दारातच उभा राहिला आणि कागदात बांधलेलं काहीतरी पुढे केलं.

"आजी, तुझ्यासाठी. काल मी माझा बिल्ला वापरला."

पानिक्पाकने कागद उघडला. मांसाचा लहानसा तुकडा आणि त्यावर हाताएवढी चरबी.

"हे काय, लेव्ही?"

"नर," लेव्ही म्हणाला. त्याचा चेहरा सरळ होता, फक्त डोळ्यांच्या कडांना जरासं हसू होतं. वाईट नव्हतं ते हसू. दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर माणूस हसतो तसं. "लठ्ठ नर. तुझ्या उयाराकसारखाच."

"लेव्ही."

"पोरांची तोंडं बघायला हवी होतीस तू, आजी! दोन वर्षं त्यांनी नुसतं चिवट खाल्लंय. धाकटीने हाडसुद्धा सोडलं नाही." आणि तो गेला.

पानिक्पाकने तो तुकडा पुन्हा कागदात बांधला. खाल्लाही नाही, टाकलाही नाही. फ्रीजरच्या तळाशी ठेवला.

त्यानंतर तिने डोळे उघडे ठेवून गावात चालायला सुरुवात केली. चर्चच्या जेवणाला गेली तर रश्श्यावर तूप तरंगावं तशी चरबी तरंगत होती. जेपूटीच्या घराच्या शिडीवर पांढऱ्या पट्ट्या गोठत टांगलेल्या होत्या. जेपूटीचा जावई समोरून आला आणि रस्ता बदलून गेला. ती चालत शिकारमंडळाच्या कचेरीत गेली, कागद काढायला लावले. एकामागून एक. नर, नर, नर, नर.

"काय शोधतेयस, आजी?" झिपोराने विचारलं. जाडजूड, चष्म्याची, तोंडाला कुलूप नसलेली बाई.

"काही नाही. नर किती झाले?"

"सगळेच नर. भलतंच शहाणं झालंय आपलं गाव. डब्यात नऊ बिल्ले उरलेत." झिपोरा थोडी थांबली. मग कागद नीट लावत, वर न बघता म्हणाली, "माझ्या घरी पण आली होती ना चरबी. तुझ्या हातची."

शुक्रवारी कुब्लू शिकारीवरून परतला. त्याला आणि त्याच्या बहिणीच्या घराला मिळून एक बिल्ला होता. स्लेजवरचं मांस त्याने घरात आणलं, पुठ्ठा अंथरला, काही न बोलता मागे सरला. पानिक्पाकने सुरी घेतली. लावण्याआधीच तिला दिसलं. कातडं नीट ओढून घेतलं होतं, पण पाठ पाठच असते.

"तूसुद्धा?"

"आई, आधी ऐकून घे."

"तू? माझ्या घरातला?"

"तुझ्या घरातलाच तर!" कुब्लूचा आवाज चढला. चाळिशीचा माणूस, आईवर आवाज चढवायची त्याची ही बहुतेक पहिलीच वेळ. "गावात सगळे मला विचारतात, तुझी आई काय म्हणते? मी म्हणतो, काही म्हणत नाही. मग ते म्हणतात, बरं. तू काय समजतेस, तू गप्प राहिलीस? तू साठ पिशव्यांत घालून सांगितलंस, आई. घरोघर सांगितलंस. नियम करणारीच्या हातून आली, तर मग आम्ही कोण लागून गेलो?"

पानिक्पाक पुठ्ठ्याशेजारी खाली बसली. तिला वाटलं होतं, आपण एका माणसाला सांभाळून घेतलं. रीत पाळली, तोंड बंद ठेवलं, झालं. तिच्या तोंडाला गावाने कधी फारसं विचारलंच नव्हतं. गाव तिच्या हातांकडे बघत आलं होतं, नाळ कापली तेव्हापासून.

"किती झाल्या?" तिने विचारलं.

"मला नक्की माहीत नाही."

"कुब्लू."

"पाच," तो म्हणाला. "माझी धरून."

पाच माद्या. पाच पोटातली. पाच पुढच्या वर्षीची. नियमाप्रमाणे पंधरा बिल्ले, आणि डब्यात नऊ. पानिक्पाकने सुरी पुसली.

"त्याला माहीत आहे?" तिने मागच्या खोलीकडे मान वळवली.

"उयाराकला? नाही. तो तर परवा मला सांगत होता, पुढच्या हिवाळ्यात दाढीवाला मोठा सील मारीन."

"तो कुठंय?"

"जाळी काढायला गेलाय तळ्यावर."

पानिक्पाकला वाटलं, तो येईपर्यंत थांबावं, त्याला आधी एकट्याला सांगावं. पण एकट्याला सांगितलं तर तो एकट्याने निघून जाईल, हीसुद्धा भीती होती. शिवाय गुपचूप ठेवण्यातूनच तर हे सगळं झालं होतं. ती उठली आणि रेडिओला फोन लावला. उद्या दुपारी हॉलमध्ये सभा, सगळ्या शिकाऱ्यांनी यायचं, बायकांनीही यायचं.

*

शनिवारी दुपारी हॉल भरला. सूर्य बर्फाला टेकूनच फिरत होता आणि खिडक्यांतून पिवळा, आडवा प्रकाश सगळ्यांच्या छातीवर पडत होता. मागच्या भांड्यात चहा उकळत होता, पण कुणी कप घेतला नव्हता. टेबलावर बिल्ल्यांचा डबा. टेबलामागे झिपोरा, कागद आणि पेन घेऊन. कुब्लू दुसऱ्या रांगेत होता. उयाराक भिंतीला टेकून उभा होता, कारण तरुणांनी खुर्च्या घ्यायच्या नाहीत अशी त्याची समजूत होती.

पानिक्पाक उभी राहिली. तिने कुठलीही प्रस्तावना केली नाही.

"मी तुम्हाला खोटं खाऊ घातलं," ती म्हणाली. "मी वाटली ती मादी होती. मला पहिल्याच सुरीला कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं. आपण सगळे एकमेकांना सांभाळून घेत बसलो आणि माद्या मरत राहिल्या. आता पाच झाल्या."

हळूहळू माना भिंतीकडे वळल्या आणि लगेच परत फिरल्या.

उयाराकला समजायला वेळ लागला. त्याची भाषा अजून तशी कच्चीच होती. तो पुटपुटत शब्द जुळवत होता. मग त्याने भिंतीवरून पाठ काढली.

"माझी?" तो म्हणाला. "सानाजी, माझी मादी होती?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"तू ओरडलीस." तो लहान मुलासारखा बोलत होता, एकेक शब्द मोजून. "आनंदाने ओरडलीस. माझे गाल धरलेस."

"हो, माझ्या हातच्या. धरले."

उयाराकने कुब्लूकडे पाहिलं. कुब्लू गुडघ्यांवर कोपरं टेकून जमिनीकडे बघत होता. मग उयाराकने हॉलभर पाहिलं. ज्यांनी त्याची टोपी ओढली होती, पाठीत थाप मारली होती, त्यांतल्या एकानेही त्याच्या नजरेला नजर दिली नाही. साठ घरांना ठाऊक होतं, फक्त त्याला नव्हतं.

पानिक्पाक झिपोराकडे वळली. "पहिल्या मादीपुढे माझं नाव लिही. मी गप्प राहिले, म्हणून बाकीच्या चार झाल्या. तीन हिवाळे मला लागू. माझ्या घराचा बिल्ला नको."

"तू कुठे बंदूक धरतेस, आजी?" झिपोरा हळूच म्हणाली.

"लिही म्हणते ना."

"नको," उयाराक म्हणाला.

तो पुढे आला. टेबलापाशी उभा राहिला. त्याचा आवाज स्थिर होता. "माझं नाव लिहा. मी मारली. पहिली आहे. तिचं नाव लिहिलं तर माझी पहिली कुठली?"

पानिक्पाकने त्याच्याकडे पाहिलं. तिला त्याला शाबासकी द्यायची होती, पण ते बोलण्याची ही जागा नव्हती आणि आता ते बोलायचा हक्कही तिच्याकडे उरलेला नव्हता.

"तीन हिवाळे, रे," जेपूटी खुर्चीतून म्हणाला. त्याने हे दयेने म्हटलं की कसं, ते कळलं नाही.

"मला मोजता येतं," उयाराक म्हणाला.

झिपोराने लिहिलं. पेनचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. मग बंदूक काढून ठेवावी, तर ती उयाराकने आणलीच नव्हती. तो नुसते रिकामे हात टेबलावर ठेवून क्षणभर उभा राहिला आणि पुन्हा भिंतीशी गेला. पण पानिक्पाक उभी होती त्या बाजूच्या नव्हे, समोरच्या.

"दुसरी?" झिपोराने विचारलं.

चहाच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं. एका बाळाने कुरकुर केली, आईने त्याला आपल्या कोटाच्या पाठीवरच्या झोळीत दाबलं. पानिक्पाक दुसऱ्या रांगेकडे पाहत होती. कुब्लू उठला. तिला वाटलं, आला. त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, खुर्च्यांमधून वाट काढली, दार उघडलं आणि बाहेर गेला. उघड्या दारातून थंडीची वाफ जमिनीवरून टेबलापर्यंत आली.

झिपोराने पेन उचलून धरलं होतं. "उद्या विचारू या का, आजी? घरी तो सांगेल तुला..."

"दुसरी कुब्लू," पानिक्पाक म्हणाली. "माझा मुलगा. लिही."

झिपोराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि लिहिलं.

मग लेव्ही उठला. एवढा फटकळ माणूस, पण या वेळी थट्टा नव्हती. "तिसरी माझी," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने तोंड फिरवलं.

"चौथी?"

पानिक्पाकने ठरवलं होतं, आणखी नाव आपण घ्यायचं नाही. आपल्या घरातलं घेतलं, तेवढं पुरे. दुसऱ्याच्या घरातलं त्याने घ्यावं. ती वाट पाहत उभी राहिली. पिवळा प्रकाश छातीवरून गळ्यावर चढला, मग भिंतीवर, मग छताला लागून विझला. कुणीतरी दिवे लावले. जेपूटी आपल्या काठीच्या टोकाने जमिनीवरचा एकच डाग उकरत होता. त्याचा जावई त्याच्या मागे बसला होता.

शेवटी तिने हात वर करायला सांगितले. शिकार बंद. डब्यातले नऊ बिल्ले परत, आणि पंधरा भरायला पुढच्या हिवाळ्याचे सहा त्यात धरायचे. हात वर झाले, सावकाश, जड पिशवी उचलावी तसे, पण झाले. ते मोजून झिपोराने आकडा लिहिला आणि कागद पुढे सरकवला. पानिक्पाकने सही केली. सही करायला ती फार उशिरा शिकली होती. अक्षरं मोठी आणि वाकडी यायची.

चौथ्या आणि पाचव्या मादीपुढची जागा त्या कागदावर आजही कोरी आहे.